जुलैत रोझमेरी मागू नका: गोव्यात हर्बची रोपं घेताना या चुका टाळा

मिरग लागला की गोव्यात जो तो कुंड्या काढतो. नारळ, जास्वंद, सुपारी, केळी लावायला तो काळ योग्यच. पण त्याच भरात लोक जवळच्या लहान नर्सरीत जाऊन रोझमेरी आणि थाइम मागतात, ‘आता नाही, दिवाळीनंतर या’ असं उत्तर मिळतं आणि ‘याच्याकडे काही नसतंच’ म्हणत दुसरीकडे वळतात. पहिली चूक हीच. जुलैत रोझमेरी विकायला नकार देणाऱ्या नर्सरीवर मी जास्त विश्वास ठेवीन.

रोझमेरी, थाइम, सेज ही भूमध्य समुद्राकाठची झुडपं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे वर्षाचा साधारण 3000 मिलीमीटर पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो, तोही उकाड्यासकट. कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. या दिवसांत बाहेरगावच्या पॉलिहाऊसमधून आलेलं रोप दुकानात हिरवंगार दिसतं खरं, पण त्याने आपला पाऊस अंगावर घेतलेला नसतो. घरी आणल्यावर आठ-पंधरा दिवसांत ते मान टाकतं.

या झाडांचा आपल्याकडचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी होते, रात्री पारा विशीच्या आसपास येतो. मात्र नोव्हेंबरात जाऊन एकदम दहा रोपं मागितली तर लहान नर्सरीत ती मिळतीलच असं नाही. रोझमेरी बहुधा फांदीपासून करतात. मुळं फुटायला चार ते आठ आठवडे लागतात आणि नंतर रोप पिशवीत स्थिरावायलाही वेळ लागतो. म्हणून गणपतीची चवथ आटोपली की नर्सरीत सांगून ठेवायचं. फोन नंबर देऊन आलात तर आणखी बरं.

आता घरातली रोझमेरी ऑगस्टमध्ये खालून तपकिरी पडू लागली असेल तर? बहुतेक जण इथे पाणी वाढवतात. पानं सुकलेली दिसतात, म्हणजे तहान लागली असणार, असा सरळ हिशोब. आधी कुंडी उचलून पाहा. जड लागत असेल आणि मातीला कुबट वास येत असेल तर मुळं गेलेली आहेत. पाणी बंद करा, खालची ताटली काढून टाका, कुंडी पावसाबाहेर पण उजेडात ठेवा. पागोळीखाली तर मुळीच नको. ती धार मातीत खड्डा पाडते आणि कुंडी दिवसभर भिजवते. शेंड्याचा भाग अजून हिरवा असेल तर चार बोटं लांबीचे तुकडे कापून, खालची पानं काढून, जाड वाळूत खोचा. जुनं झाड वाचवण्यापेक्षा हे जमण्याची शक्यता जास्त. पुढच्या वेळी माती, जाडी वाळू आणि शेणखत साधारण सारख्या भागांत घ्या. निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसाळ्यात घातक ठरतं, ते पाणी धरून बसतं.

खरं तर पावसाळ्यातल्या स्वयंपाकासाठी वेगळा उपाय आपल्याच घरात आहे. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी होते, सुकी मासळी, आमसुलं, मिरच्या भरून ठेवतात. त्याच दिवसांत रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो छाटून सावलीत सुकवायचे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचे. झाडालाही पावसाआधी हलकी छाटणी मिळते, गर्दी कमी होऊन फांद्यांमध्ये हवा खेळते.

कोथिंबीर आणि शेपू यांची रोपं विकत घेऊ नयेत, कुठल्याही ऋतूत. दोघांची मुळं सरळ खाली जाणारी, हलवलेली त्यांना चालत नाहीत. बी पेरा, ऑक्टोबर सरता सरता. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर उष्म्याने लगेच फुलावर येते, मग बियाण्याला दोष दिला जातो. पार्सलीचं बी रात्रभर भिजवूनही उगवायला तीन आठवडे घेऊ शकतं, तेवढ्यात कुंडी उकरून बघायची घाई करू नका.

हळदीच्या बाबतीत उलटी गंमत होते. नागपंचमीला किंवा 15 ऑगस्टच्या ख्रिस्ती सणाला पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) पानं हवीत म्हणून लोक त्या आठवड्यात रोप शोधतात. तेव्हा मिळालेल्या रोपाची दोन-तीन पानं तोडली की ते उघडं पडतं. गड्डा मेअखेरीस मातीत गेला तर श्रावणापर्यंत पानं पुरेशी होतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळली की ‘मेलं’ म्हणून कुंडी उलटी करणारेही बरेच. झाड मेलेलं नाही, गड्डा झोपलेला आहे. पाणी थांबवा, मे महिन्यात पुन्हा सुरू करा.

पावसाळ्यात घ्यायचंच असेल तर नर्सरीत जे भरभरून असतं तेच घ्या: गवती चहा, आलं, ब्राह्मी. पानओवा तुकड्यावर लागतो, विकत घ्यायची गरजच नाही, शेजाऱ्याकडे असतोच. पुदिना मात्र भर पावसात नको, पानांवर तांबेरा धरतो.

तुळस जवळपास वर्षभर मिळते, पण तुळशीच्या लग्नाआधी सगळे एकदम धावतात आणि उंच, मंजिऱ्यांनी लदलेलं रोप आधी उचलतात. आखूड, खालपासून फांद्या फुटलेलं रोप निवडा. नर्सरीत ते शेडनेटखाली वाढलेलं असतं, त्यामुळे वृंदावनात लावण्याआधी आठवडाभर सकाळचंच ऊन दाखवा.