फराळाची लेबलं छापायला घेण्याआधी

दिवाळीची पाकिटं भरायला लागण्याआधी एक अख्खी दुपार लेबलच्या हिशेबासाठी मोकळी ठेवा. तुर्भ्याच्या आमच्या गाळ्यात लाइन एकदा सुरू झाली की कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

आधी कागद-पेन घ्या. कोणता आकडा हाताने टाइप होणार, कोणता एक्सेलमधून येणार आणि कोणता सॉफ्टवेअर काढणार, ते लिहा. सॉफ्टवेअर काढणार असेल त्या प्रत्येकाचं एक उदाहरण स्वतः सोडवून उत्तर शेजारी मांडा.

मग अधिक चिन्ह तपासा, आणि इथे घाई करू नका. गेल्या वर्षी चकली २५० ग्रॅम आणि शेव २०० ग्रॅम एका डब्यात होती. लेबलवर निव्वळ वजन आलं २५०२०० ग्रॅम! अर्धा रोल चिकटवून झाला होता. बारटेंडर या लेबल छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म्युला व्हीबीस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितात. तिथे दोन्ही व्हेरिएबल, म्हणजे फॉर्म्युल्यातली आकड्यांची नावं, मजकूर म्हणून आले असतील तर अधिक चिन्ह त्यांची बेरीज करत नाही, एकापुढे एक जोडतं. वजाबाकी आणि गुणाकार मात्र तशाच मजकुरावरही बरोबर येतात, म्हणून माणूस गाफील राहतो. बेरजेआधी प्रत्येक व्हेरिएबल सीडीबीएल (CDbl) हे फंक्शन वापरून आकड्यात बदलून घ्या. अनुक्रमांकाला सीइंट (CInt) लावू नका, ते ३२,७६७ च्या पुढे जात नाही, सीएलएनजी (CLng) लावा. ०००९९ मध्ये एक मिळवला की नुसते १०० उरतात, तेव्हा सुरुवातीची शून्यं परत भरायची सोय त्याच फॉर्म्युल्यात करा.

प्रति ग्रॅम किमतीला वेगळा वेळ द्या. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर दर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो, आणि दोन दशांश स्थळांपर्यंत. भाजके पोहे ४०० ग्रॅम, एमआरपी ५० रुपये, म्हणजे भागाकार ०.१२५. आपण शाळेत शिकलो तसं ०.१३ लिहू, पण व्हीबीस्क्रिप्टचं राउंड बरोबर मधे पडलेला आकडा सम अंकाकडे नेतं आणि ०.१२ देतं. माझ्या मते राउंडऐवजी फॉरमॅटनंबर वापरावं, ते ०.१३ देतं. वजनाची जागा रिकामी राहिली तर शून्याने भागायची वेळ येते. त्यासाठी अट आधीच घाला.

तारखेचं ठरवून टाका: 'सहा महिने' की '१८० दिवस'? १ मार्चला सहा महिने मिळवले तर १ सप्टेंबर येतो, १८० दिवस मिळवले तर २८ ऑगस्ट. पाकिटावर जे शब्द आहेत तेच फॉर्म्युल्यात हवेत. कॉम्प्युटरमध्ये दिवस आधी आहे की महिना, तेही बघा. ०५/१० चा ५ ऑक्टोबर होतो की १० मे, हे त्यावर ठरतं.

रिबन, रोल, प्रिंट हेडची सफाई नेहमीप्रमाणे.

शेवटी पाच लेबलं छापा, बारकोड स्कॅन करा आणि लेबलं त्या कागदाशेजारी चिकटवा. ज्याने फॉर्म्युला लिहिलेला नाही अशाच माणसाकडून ती वाचून घ्या. आमच्याकडे हे काम आता पॅकिंगच्या टेबलावरच्या मावशींकडे आहे. ते २५०२०० त्यांनीच पकडलं होतं.