स्पेशल बीएडचा फॉर्म भरायच्या आधी वर्गात बसून या

स्पेशल बीएड म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायची पदवी. त्याच्या फॉर्मला लागणारी ग्रॅज्युएशनची मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, आधार, फोटो हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगते, दहावीपासून पदवीपर्यंत सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रतही फाइलीत ठेवा. पुढे रजिस्ट्रेशनच्या वेळी यावरून फार डोकं उठतं.

आता मुख्य मुद्दा. फॉर्मवर स्पेशलायझेशन, म्हणजे कुठल्या प्रकारच्या दिव्यांग मुलांना शिकवणार ते, निवडायच्या आधी त्या मुलांच्या शाळेत चार दिवस तरी जाऊन बसा. मी बसले नव्हते. एचआयची, म्हणजे श्रवणदोषाची सीट रिकामी आहे असं कळलं, घेऊन टाकली, म्हटलं स्पेशल एज्युकेशन ते स्पेशल एज्युकेशन. तसं नसतं. एचआय, व्हीआय (दृष्टिदोष), आयडी (बौद्धिक अक्षमता), एलडी (वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता), ऑटिझम (स्वमग्नता) ही प्रत्येक वेगळी दुनिया आहे. कोर्समध्ये बाकीच्यांची तोंडओळख होते, पण डिग्रीवर आणि आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, रजिस्टरवर जे लिहिलं जातं ते तुमचंच स्पेशलायझेशन, आणि कर्णबधिरांच्या शाळेला एचआयवालाच लागतो, मतिमंद मुलांच्या शाळेला आयडीवाला. मध्येच बदलता येत नाही, दुसरा कोर्स करावा लागतो. माझ्या गावाकडे कर्णबधिर शाळा एकच आणि तिथे जागा नाही, आणि शहरातल्या प्रायव्हेट शाळांच्या जाहिराती बघाव्यात तर बहुतेक एलडी, ऑटिझम, आयडी.

बसायचं म्हणजे काय, तर ऑफिसात मुख्याध्यापकांशी चहा पिऊन परत यायचं नाही, वर्गात मागे बसायचं, सकाळच्या प्रार्थनेपासून मुलं रिक्षात बसेपर्यंत. कर्णबधिर मुलांच्या वर्गात सकाळी बाई आधी मुलांची कानाची मशीन तपासतात, सेल गेलाय का, मोल्डमध्ये, म्हणजे कानात बसणाऱ्या भागात, मळ साचलाय का. मग तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, श, स, म असे सहा आवाज काढतात आणि मुलाने ऐकू आलं की मणी डब्यात टाकायचा. एखादं मूल ‘स’ला मणी हातात धरून बसूनच राहतं, आणि बाई न वैतागता परत म्हणतात. हे रोज, वर्षभर. तुम्हाला हे बघताना कंटाळा आला की गंमत वाटली, ते स्वतःला खरं खरं विचारा.

आयडीच्या वर्गात चित्र वेगळंच. शर्टाचं बटण लावणं हे सात-आठ पायऱ्यांत तोडून शिकवतात आणि एका पायरीवर कधी कधी अख्खा महिना जातो. पंधरा-सोळा वर्षांचा दांडगा मुलगा असतो, त्याला बाथरूमला न्यावं लागतं, लाळ पुसावी लागते, कुणाला वर्गातच आकडी येते. हे वाईट म्हणून सांगत नाहीये, माझी मैत्रीण त्यात रमलीये. पण प्रॅक्टिस टीचिंगच्या पहिल्या दिवशी बघून हबकण्यापेक्षा फॉर्म भरायच्या आधी बघा ना! व्हीआय घेणार असाल तर ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत लिहायची सवय लागायला किती वेळ जातो ते तिथल्या मुलांनाच विचारा, हसतील तुम्हाला. शाळा नाही म्हणाली तर दुसरी गाठा, अर्ज देऊन, ओळख काढून, कसंही. पण जा.

कॉलेज निवडताना आरसीआयची मान्यता बघा, आणि नुसती कॉलेजला नाही, त्याच स्पेशलायझेशनला आणि तुमच्या बॅचच्या वर्षाला. आरसीआयच्या वेबसाइटवर यादी असते, कॉलेजच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका. मान्यता नसेल तर सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक, मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशनशिवाय हे काम करणं 1992 च्या आरसीआय कायद्याने गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स आणायचं चाललंय, तेव्हा दादा-ताईंच्या वेळेला काय होतं ते सोडा, या वर्षीचं सर्क्युलर वाचा.

मुंबईत असाल तर जुहूचं एसएनडीटी (फक्त मुलींसाठी), चेंबूरचं हशू अडवाणी कॉलेज, एचआयसाठी वांद्र्याची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था. आयडीसाठी सिकंदराबादची एनआयईपीआयडी ही मूळ राष्ट्रीय संस्था. राज्याची बीएड सीईटी दीड तासाची, शंभर प्रश्न, तयारी जनरल बीएडवाले करतात तीच. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत आहेत, मराठी मीडियमवाल्यांनी घाबरू नका पण ‘आधी अ‍ॅडमिशन, मग बघू’ असंही करू नका. आणि स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, क्लिनिकल सायकॉलॉजी यांच्या डिग्र्या वेगळ्या, स्पेशल बीएड करून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही, हे घरच्यांनाही आधीच समजावून ठेवा.

वर्गात बसून आलात का? नाही ना. मग पुढचं वाचू नका.

कोर्स चालू असताना केस फाइल, आयईपी (एकेका मुलासाठी केलेला शिकवायचा आराखडा), शैक्षणिक साहित्य हे आदल्या रात्री होत नाही. झेरॉक्सचा खर्च धरा. पालकांशी बोलायची सवय आत्ताच लावा, नोकरीत अर्धं काम तेच असतं.

नोकरीचं थोडक्यात. स्पेशल शाळा, अनुदानित असेल तर उत्तम पण जागा निघायची वाट बघावी लागते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतली पदं बहुतेक कंत्राटी. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये साध्या शाळांत स्पेशल टीचर हवेत असं बजावलंय, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक, पण भरती होईपर्यंत टीईटी, सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षा देऊन ठेवा. शिवाय सीबीएसई शाळांचे रिसोर्स रूम (दिव्यांग मुलांना वेगळी मदत देणारी खोली), जिल्ह्याच्या डीईआयसी (लहान मुलांवर लवकर उपचार करणारी केंद्रं), एनजीओ इथेही काम असतं. शॅडो टीचरचं, म्हणजे साध्या शाळेत एकाच मुलाच्या सोबत बसायचं, काम पटकन मिळतं, पण पैसे पालक देतात आणि मूल शाळा बदललं की काम संपलं, बोलणी लेखी करा. शिकवायला कॉलेजात जायचं असेल तर एमएड.

रिझल्ट लागला की सीआरआरचा अर्ज लगेच. ते पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला सीआरईचे, म्हणजे सेमिनार-प्रशिक्षणातून मिळणारे, शंभर पॉइंट लागतात, तेव्हा सेमिनारची सर्टिफिकेटं पहिल्या वर्षापासून जमवा, शेवटच्या महिन्यात धावपळ करून शंभर होत नाहीत.