घरात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेलं माणूस आहे? रिनोव्हेशन बाथरूमपासून सुरू करा

रंगकाम, पडदे वगैरे नंतर बघू, आधी बाथरूम घ्या, पडायची भीती तिथेच जास्त. अँटिस्किड टाइल्स टाका, उंबरा काढा, कमोडशेजारी आणि शॉवरजवळ ग्रॅब बार लावा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर, आणि पक्क्या भिंतीतच ड्रिल करून बसवा, टॉवेल रॉडवर भरवसा नको कारण तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतं. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कमोड त्यांना पटकन दिसतच नाही हो, म्हणून सीट गडद निळी किंवा लाल घ्या. जमिनीवर मात्र काळं पायपुसणं नको, ते खड्ड्यासारखं वाटतं आणि पाय पुढे पडत नाही. दार बाहेर उघडणारंच हवं, आत कुणी पडलं तर आतल्या बाजूला ढकलता येत नाही.

रात्रीसाठी पलंगापासून टॉयलेटपर्यंत सेन्सर लाइट. आरशात बघून घाबरत असतील तर आरसा झाका.

आणि मनापासून सांगते, सगळं एकदम नवं चकाचक करू नका, जुनी खुर्ची, देव्हारा, तांब्या-भांडं जिथे आहे तिथेच राहू दे, हात सवयीने तिकडेच जातो.