नवा प्रोसेसर आणि ओव्हरक्लॉकिंग : या चुका टाळा

प्रोसेसर बाजारात आला की पहिल्याच आठवड्यात घ्यायचा आणि त्याच रात्री बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून त्याला ताणायचा, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा (ओव्हरक्लॉकिंग), हा उद्योग करणारी मंडळी दर नव्या पिढीबरोबर वाढत चालली आहेत. त्यांचे रुसलेले संगणक पुढे दुरुस्तीला माझ्यासारख्यांकडे येतात आणि चुका मात्र त्याच त्या असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण या छंदाला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशाला क्वचितच लागू पडत असेल.

मूळ गैरसमज असा की प्रत्येक प्रोसेसरमध्ये भरपूर वेग दडवून ठेवलेला असतो आणि तो फुकटात काढून घेता येतो. २०११ साली हे खरे होते. त्या वर्षी आलेला इंटेलचा कोअर आय५-२५००के हा ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बऱ्या कूलरवर ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत सहज जात असे. आज कंपन्या ती मोकळी जागा स्वतःच वापरतात. कोअर आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा बूस्ट, म्हणजे आपोआप घेतला जाणारा वाढीव वेग, घेऊन येतो, त्यामुळे तुमच्या हाती जेमतेम काही टक्के उरतात आणि त्यांची किंमत विजेत आणि उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच टक्के वेगासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर नेले, तर विजेचा खर्च सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय व्होल्टेजच्या रकान्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच आता हुशार मंडळी वेग वाढवण्याऐवजी व्होल्टेज कमी करतात. हा मार्ग योग्य आहे, पण सर्वाधिक घोटाळेही इथेच होतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर ही सेटिंग असते. त्यात उणे एक दिले की व्होल्टेज साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टने उतरते. कोणीतरी व्हिडिओत सांगते की सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना) उणे तीस द्या, आणि सगळे देऊन मोकळे होतात.

डोंबिवलीतल्या एका मुलाने नेमके हेच केले होते. तो लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. उणे तीस देऊन त्याने सिनेबेंच ही वेगचाचणी चालवली, गुण वाढले, तापमान उतरले आणि तो खूश झाला. पुढे मात्र रात्री संगणक नुसता चालू ठेवला की सकाळी तो आपोआप रीस्टार्ट झालेला दिसे, आणि दिवसा रेंडर निर्विघ्न पार पडून नंतर साधे ब्राउझर उघडताना पडदा काळा होई. त्याने आधी रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय बदलला, मग विंडोज नव्याने टाकली. ‘दादा, पूर्ण लोडवर काहीच होत नाही, म्हणजे प्रोसेसर ठीकच असणार,’ हे त्याचे पालुपद होते.

चूक नेमकी याच तर्कात आहे. पूर्ण लोडवर सगळे कोअर एकदम काम करतात, तेव्हा वीज आणि तापमानाच्या मर्यादेमुळे प्रत्येकाचा वेग खाली आलेला असतो. हलक्या कामात मात्र एकच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगाकडे झेप घेतो आणि कमी केलेले व्होल्टेज त्याला तिथे अपुरे पडते. त्याच्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या बिघाडाच्या, नोंदी पडून होत्या आणि प्रत्येकीत एकाच कोअरचा क्रमांक होता. तो त्या चिपमधल्या सर्वांत वेगवान कोअरांपैकी होता, यातही नवल नाही, कारण असे कोअर कारखान्यातच मर्यादेजवळ आणलेले असतात आणि त्यांना आणखी कपात सहसा सोसत नाही. तेवढ्या एका कोअरला उणे आठ दिल्यावर आजार गेला. रॅम आणि पॉवर सप्लायचे पैसे अर्थात परत आले नाहीत.

माझी सवय अशी आहे की सगळ्यांना उणे दहापासून सुरुवात करायची, कोअरसायकलर या चाचणी प्रोग्रॅमने एकेक कोअर रात्रभर तपासायचा, मग आठवडाभर रोजचे काम करायचे आणि त्यानंतरच पुढचा आकडा गाठायचा. दहा मिनिटांच्या चाचणीवर ‘स्टेबल’चा शिक्का मारणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

दुसरी चूक मुंबईकरांची खास. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा विशी-बाविशीच्या खोलीतले असतात, तर मे महिन्यात आपल्याकडे पंख्याखालची खोली तेहतीस-चौतीसवर असते. कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, त्यामुळे तो सगळा फरक प्रोसेसरच्या तापमानात जवळपास तसाच जमा होतो. जानेवारीत एसी लावून ठरवलेली सेटिंग मे महिन्यात एसी बंद करून पुन्हा तपासलीच पाहिजे. मात्र रायझन ७००० मालिकेचे वरचे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, तेव्हा तो आकडा दिसताच घाबरून कूलर उपटू नका. उपटायचाच असेल, तर त्याच्या बुडाचे प्लास्टिक काढले होते का, एवढे मात्र पाहा.

आता खरेदी. पहिल्या दिवशी रांग लावणाऱ्यांनी अलीकडचा इतिहास आठवावा. २०२३च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर मदरबोर्डासकट जळाले आणि नंतरच्या बायॉसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांचा वाढीव व्होल्टेजचा घोळ सुधारणारा मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) २०२४च्या ऑगस्टमध्ये आला, त्या सप्टेंबरात आणखी एक द्यावा लागला, आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेल्या चिपला त्या मायक्रोकोडने पूर्ववत करता येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेची गेममधली कामगिरी सुधारणारे अपडेट डिसेंबरात आले. तीन महिने थांबलेल्या माणसाला यातले निदान काही आयते टळते. शिवाय सुरुवातीची वाढीव किंमतही तोवर बहुधा उतरलेली असते.

थांबवतच नसेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकांच्या बाजारात पैसे मोजण्याआधी बोर्डात कोणत्या आवृत्तीचे बायॉस आहे, हे विचारा. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, तोच आहे म्हणजे प्रोसेसर चालेल, हा समज घातक आहे. बी६५० बोर्डावर रायझन ९००० बसतो, पण जुन्या बायॉसवर पडदा उजळत नाही, आणि मग ग्राहक दुकानदाराशी व दुकानदार ग्राहकाशी भांडत बसतो. फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घेतला, तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायॉस बदलता येते. थोडे पैसे वाचवण्यासाठी लोक नेमके हेच बटण नसलेला बोर्ड उचलतात. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्याविना मिळणारा ट्रे प्रोसेसर वॉरंटीची नीट खात्री केल्याशिवाय घेऊ नका.

नावात के हे अक्षर नसलेला इंटेल प्रोसेसर किंवा रायझनसाठीचा ए६२० बोर्ड घेऊन नंतर ओव्हरक्लॉकिंगचे विचारू नका. बोर्डाच्या ‘एका क्लिकवर ओव्हरक्लॉक’ या पर्यायाला मी हात लावत नाही, कारण तो व्होल्टेज सढळ हाताने देतो. एक्स्पो आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणाऱ्या तयार सेटिंग, हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. रायझन ९०००ची रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा ५६०० (मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद) आहे आणि चार कांड्या लावल्या की ती ३६००पर्यंत उतरते, म्हणून दोनच मोठ्या कांड्या घ्या. डीडीआर५ची रॅम पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढाही धीर नसलेले लोक वायर खेचतात आणि बोर्ड खराब निघाला म्हणून सांगत येतात.

बायॉस अपडेट करताना यूपीएस हवाच, विशेषतः जूनच्या पहिल्या पावसात, जेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अपडेटनंतर जुन्या सेटिंग पुसल्या जातात, म्हणून आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. साठवलेली जुनी प्रोफाइल नव्या आवृत्तीत लोड करू नका, आकडे हाताने भरा, आणि आधी रॅमची सेटिंग तपासून झाल्यावरच प्रोसेसरच्या पानाकडे वळा.