ब्लीड करायचं की नाही, हे आधी बोटाला कळायला हवं

सायकल दुरुस्तीत नव्यानं येणाऱ्या पोरांना हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करायची, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमधली हवा काढून ऑइल भरायची, फार घाई असते. सिरिंज, फनेल, पारदर्शक नळी, सगळी हत्यारं हाताळायला मजा येते. ती कृती शिकायला फार दिवस लागत नाहीत. ब्लीड कधी करायचं आणि कधी ऑइलला हात लावायचा नाही, हे ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक परत येतं ते याच ओळखीमुळे. मी बेळगावात गिअरच्या सायकली दुरुस्त करतो. या कामात पडणाऱ्यांना सगळ्यात आधी हेच शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे तक्रार एकाच वाक्यात येते: "ब्रेक लागंना झालाय बघा." पण त्यामागे दुखणी वेगवेगळी असतात. म्हणून सायकल स्टँडला अडकवायच्या आधी लिव्हर, म्हणजे हँडलवरची ब्रेकची दांडी, एका बोटानं सावकाश ओढा. चांगल्या ब्रेकची लिव्हर थोडी मोकळी येते, मग ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कला टेकतात आणि तिथून पुढे ती जवळपास हलत नाही. पॅड टेकल्यावरही ती फुगा दाबल्यागत आत जात राहिली, तर लाइनमध्ये, म्हणजे ऑइलच्या पाइपात, हवा आहे. उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यात काम केलेल्या पोराला यातलं कारण समजावून सांगावं लागत नाही. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. तुमच्या बोटाची ताकद पॅड दाबणारे पिस्टन ढकलण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यात जाते.

आता तीच लिव्हर भराभर सात-आठ वेळा ओढा. ती टणक झाली आणि थोडं थांबून पुन्हा मऊ पडली, तर हवेची खात्री धरा. तरी शंका राहिली तर सायकल पाच मिनिटं उलटी ठेवून लिव्हर ओढून बघा. लिव्हरजवळच्या ऑइलच्या टाकीत हवा असेल, तर उलटी केल्यावर ती पाइपकडे सरकते आणि लिव्हर हँडलला टेकते. "काल पंक्चर काढलं नि ब्रेक गेला" असं सांगणारी माणसं पुष्कळ येतात. त्यांना विचारायचं, सायकल उलटी केली होती का? आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली गेली होती का? पहिल्याचं उत्तर हो असेल आणि लिव्हर मऊ असेल, तर ब्लीड करा. दुसऱ्याचं हो असेल, तर पॅड एकमेकांना चिकटले असतील. तिथं प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं पिस्टन मागे ढकलले की काम झालं. त्याला ब्लीडचे पैसे लावणं मला पटत नाही.

लिव्हर टणक आहे, तरी सायकल थांबत नाही, अशी केस ब्लीडची नसतेच. पॅडवर किंवा डिस्कवर तेल लागलेलं असतं. बहुतेक वेळा चेनवर मारलेला स्प्रे उडालेला असतो. अशा ब्रेकचा कर्कश आवाजही येतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर मी पॅड बदलूनच टाकतो. घासून-भाजून वाचवलेल्या पॅडवर घाटात माझा भरवसा नाही.

आपल्या भागात पाऊस हा वेगळा विषय आहे. जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या सायकलींच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड-पिस्टन बसतात त्या चाकाजवळच्या भागात, लाल माती अक्षरशः थापलेली असते. ती माती ओल्या पॅडला खाते. पावसाळ्यात ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या सायकलीचे मी आधी पॅड काढतो. शिमानोच्या पॅडचं मटेरियल ०.५ मिलिमीटरवर आलं की पॅड संपला, आणि डिस्क १.५ मिलिमीटरला आली की डिस्क संपली. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढे येतात आणि टाकीतलं ऑइल त्यांच्यामागे जाऊन बसतं. म्हणून टाकी रिकामी दिसली की लगेच ऑइल ओतायचं नाही. झिजलेल्या पॅडवर टाकी भरली, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे जायला जागाच उरत नाही. आधी पॅड, मग पिस्टन साफ करून मागे, आणि तरीही लिव्हर मऊ असेल तरच ब्लीड.

चोर्ला घाट गोव्याच्या बाजूला उतरून आलेल्याची गोष्ट निराळी. वर ब्रेक ठीक होता, उतारावर लिव्हर आत जायला लागली आणि खाली थंड झाल्यावर पुन्हा बरी झाली, असं तो सांगतो. इथं ऑइलवर संशय घ्या. ब्रेकमध्ये ऑइल दोन जातींचं असतं, डॉट किंवा मिनरल. डॉट ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २६० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १८० अंश आहे. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरपाशी, म्हणजे नेमकं तापणाऱ्या जागी बसतं, आणि ते १०० अंशाच्या आसपासच उकळायला लागतं. वाफ झाली की तिचं वागणं हवेसारखंच. ऑइल काळपट, गढूळ निघालं तर तेवढ्यावरही पूर्ण बदला. घाटात सायकल नेणाऱ्याला मी वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, ऑइल बदलायला सांगतो.

ऑइल कुठलं, हे लिव्हरच्या टाकीवर किंवा कॅलिपरवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ लागतं, पण काही नव्या मॉडेलना मिनरल. मोटरसायकलच्या दुकानात डॉट सहज मिळतं म्हणून ते शिमानोत घातलं, तर आतली रबरी सीलं फुगतात आणि लिव्हर-कॅलिपर दोन्ही फेकायची वेळ येते. डॉट रंगही खातं, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

ब्लीडनं न सुटणारी दोन दुखणी मात्र पक्की लक्षात ठेवा. लिव्हर जोरात धरून ठेवल्यावर सावकाश आत बुडत गेली आणि बाहेर कुठंच तेल दिसत नसेल, तर लिव्हरच्या आतलं सील गेलं असण्याची दाट शक्यता असते. आणि कॅलिपरभोवती ओल असेल, तर गळती. दोन्हीत नवं ऑइल घालून ब्रेक चार दिवस बरा वाटतो आणि मग उतारावर दगा देतो. गिऱ्हाइकाला पार्ट बदलायचा खर्च आधीच स्पष्ट सांगा. तो नाही म्हणाला, तर नुसतं ब्लीड करून सायकल देऊ नका.

ब्लीड झाल्यावर मी लिव्हर रबर बँडनं हँडलला आवळून रात्रभर ठेवतो. पाइपमध्ये अडकलेले बारीक बुडबुडे वर टाकीकडे सरकतात. सकाळी हँडल सरळ ठेवून टाकी पुन्हा बघतो. मग लिव्हर पूर्ण ताकदीनं दाबून धरायची आणि पाइपच्या दोन्ही टोकांच्या नटांवर, कॅलिपरच्या ब्लीड निपलवर (ब्लीड करताना उघडायच्या तोंडावर) कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. त्यावर तेलाचा डाग आला नाही, की सायकल बाहेर काढून आधी सपाट रस्त्यावर, मग उतारावर चालवून बघायची.