परसातली अंडी नासतात कशी? गोळा करताना, धुताना आणि ठेवताना या चुका टाळा

परसात पाच-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून येणारी तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते: अंडी ताजी होती, स्वच्छ धुऊन ठेवली होती, तरीही आठवड्याभरात त्यांतली काही नासली. या तक्रारीतले ‘स्वच्छ धुऊन’ हेच पुष्कळदा दुखण्याचे मूळ असते. उरलेली कारणे खुराड्यात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात शोधावी लागतात.

धुण्यातली चूक

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे बाहेर पडते तेव्हा त्यावर एक पातळ ओलसर थर असतो आणि तो वाळला की ही छिद्रे बुजतात. हे आवरण शाबूत आहे तोवर आतला ओलावा सावकाश उडतो आणि बाहेरच्या जंतूंना सहज वाट मिळत नाही. अंडे नळाखाली चोळून धुतले की आवरण जाते, पण त्याहून मोठे नुकसान गार पाण्याने होते. नुकतेच घातलेले अंडे कोंबडीच्या अंगाइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस, उबदार असते. ते गार पाण्यात पडताच आतला बलक आणि पांढरा आकसतो आणि कवचावरचे मळके पाणी जंतूंसकट छिद्रांवाटे आत ओढले जाते. बादलीत अंडी भिजत घालून मग सावकाश घासणारे लोक तर या घाणीला आत शिरायला भरपूर वेळच देत असतात.

म्हणून स्वच्छ दिसणारे अंडे धुऊच नये. वाळलेली माती किंवा शिटेचा लहान डाग कोरड्या खरखरीत फडक्याने अथवा बारीक सँडपेपरने हलकेच काढावा. धुण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर अंड्यापेक्षा निश्चित गरम, म्हणजे हाताला सोसेल इतपत, ४० ते ४५ अंशांचे वाहते पाणी वापरावे, एका वेळी एकच अंडे घ्यावे, ते लगेच कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि इतरांच्या आधी संपवावे. भांड्यांचा सुवासिक साबण वापरू नये. जे अंडे शिटेने पूर्ण माखलेले आहे किंवा ज्याला तडा गेला आहे, ते वाचवण्याची धडपड करू नये.

इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून येथे आणखी एक गोंधळ होतो. अमेरिकेत व्यापारी अंडी धुऊन पुढे सतत थंड ठेवली जातात, तर युरोपीय संघात ‘अ’ श्रेणीची अंडी धुण्यास सर्वसाधारणपणे मनाईच आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. आपल्याकडे मात्र पुष्कळदा धुणे एकीकडून आणि ओट्यावर ठेवणे दुसरीकडून उचलले जाते आणि आवरण गेलेले अंडे उघड्यावर पडून राहते.

रोजच मळलेली अंडी मिळत असतील तर

अशा वेळी धुण्याची पद्धत सुधारण्यापेक्षा खुराडे तपासणे श्रेयस्कर आहे, कारण मळ हा काही गावरानपणाचा पुरावा नव्हे. कोंबड्यांना उंचावर झोपायला आवडते. बसण्याचा दांडा अंडी घालण्याच्या खोक्यापेक्षा खाली असेल, तर त्या रात्री खोक्यातच मुक्काम करतात आणि सकाळी पहिले अंडे रात्रीच्या शिटेवर पडते. दांडा उंच घ्यावा आणि गरज पडल्यास संध्याकाळी खोक्याचे तोंड झाकावे. चार-पाच कोंबड्यांना एक खोका पुरतो, परंतु त्यात भाताचे तूस, पेंढा किंवा लाकडाचा भुसा कोरडा आणि जाड थराचा हवा. पावसाळ्यात चिखलाचे पाय थेट खोक्यात येऊ नयेत म्हणून खुराड्याच्या दारापाशीही तूस पसरावे. ओला तूस तसाच राहू दिला तर त्यावर बुरशी धरते.

नव्याने अंडी देऊ लागलेल्या तलंगा खोका सोडून कुंपणाच्या बुडाशी किंवा लाकडांच्या ढिगाआड अंडी घालतात. खोक्यात लाकडी किंवा प्लास्टिकचे खोटे अंडे ठेवले आणि काही दिवस त्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत आत कोंडले, तर सवय बहुधा लागते. दरम्यान झुडपात अचानक सापडलेला अंड्यांचा साठा ताज्या अंड्यांत कधीही मिसळू नये, कारण त्यांतले कोणते कधीचे आहे, हे कोणालाच माहीत नसते.

उन्हाळा आणि कोंबडा

बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात, त्यामुळे अकराच्या सुमारास एकदा आणि दुपारनंतर एकदा फेरी मारावी. एप्रिल-मेमध्ये त्यात आणखी एक वाढवावी. अंडी पडून राहिली की एखादे फुटते, कोंबड्यांना त्याची चव कळते आणि अंडी फोडून खाण्याची खोड लागल्यावर ती मोडणे अतिशय कठीण जाते. शिवाय खुडूक बसलेली कोंबडी इतरांची अंडीही उबवू लागते.

कळपात कोंबडा असेल तर अंडी फलित असतात आणि साधारण २१ अंशांच्या वर त्यांतली वाढ अगदी मंद गतीने का होईना, सुरू होऊ शकते. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टोपलीतल्या अशा अंड्यात दोन-तीन दिवसांत रक्ताची वर्तुळे दिसू लागतात, आणि दोष मात्र कोंबडीच्या खाद्याला दिला जातो. पिल्ले नको असतील तर उन्हाळ्यापुरता कोंबडा वेगळा ठेवावा. त्याच्यावाचूनही कोंबड्या अंडी देतातच, फक्त वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी मिळू शकतात. बलकावरचा एखादा लाल ठिपका मात्र फलनाची खूण नसून अंडे तयार होताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचा असतो. असे अंडे खाण्यास हरकत नाही.

ठेवण्याच्या जागा

फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा सर्वांत गैरसोयीचा, कारण दार उघडले की तिथले तापमान बदलते. अंडी आतल्या फळीवर, टोकदार बाजू खाली करून, शक्यतो झाकणाच्या डब्यात ठेवावीत. छिद्रांतून वासही आत जातो, म्हणून सुक्या बोंबलांच्या किंवा सोललेल्या लसणीच्या शेजारी ती उघडी नसावीत. एकदा थंड झालेली अंडी बाहेर काढून तासन्‌तास ठेवू नयेत. विशेषतः कोकणातल्या दमट हवेत त्यांना लगेच दव सुटते आणि ओल्या कवचातून जंतू सहज आत शिरतात.

फ्रिज नसल्यास न धुतलेली अंडी ओल्या वाळूत अर्धवट पुरलेल्या मडक्यात, हवा खेळेल असे सच्छिद्र झाकण देऊन ठेवता येतात. मडक्यात तळाशी कोरडे गवत किंवा तूस हवे, म्हणजे अंड्याला ओल लागत नाही. धान्याच्या कणगीत अंडी पुरण्याची पद्धत धक्क्यांपासून वाचवते, थंड ठेवत नाही, आणि मळके अंडे त्यात गेले तर धान्यही बिघडते.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी. तारीख राहून गेली असेल तर पाण्यात सोडून पाहण्याची जुनी परीक्षा उपयोगी पडते: ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते, कारण ओलावा उडत जातो तशी आतली हवेची पोकळी वाढते. ही परीक्षा केवळ वय सांगते. जंतूंविषयी ती काहीच सांगत नाही, म्हणून शंका असलेले अंडे स्वतंत्र वाटीत फोडून वास घ्यावा आणि बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. घरची अंडी उकडल्यावर सोलताना पांढरा सालीबरोबर निघतो, ही तक्रारही ताजेपणामुळेच उद्भवते. उकडण्यासाठी सात-आठ दिवसांपूर्वीची तारीख असलेली अंडी निवडली की साल सहज सुटते.