जेल शिपाई व्हायचंय? मग ठाण्या-तळोज्याकडच्या पोरापोरींनी हे आधी वाचा

मी जेलमधेच नोकरीला, म्हणून दर भरतीला कळव्यातली चार-पाच पोरं घरी येतात, दादा जेलचा फॉर्म भरू का विचारतात, आणि त्यातल्या तिघांना तरी वाटत असतं की ही पोलिसातली सोपी लाइन आहे, मोर्चे नाहीत, गणपतीत रस्त्यावर उभं राहायचं नाही, चार भिंतींच्या आत सावलीत बसून पगार. सावली आहे हे खरंय. बसायचं मात्र विसरा. दरवेळी तेच तेच बोलून घसा सुकतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की हे पोलीस खातं नाहीच. कारागृह व सुधारसेवा विभाग वेगळा, त्याचं मुख्यालय पुण्याला. तपास नाही, एफआयआर नाही. कोर्टात कैदी घेऊन जाणारी एस्कॉर्ट पार्टी दिसते ना ती पण पोलिसांची असते, आपली नाही. आत आलेल्या माणसाने काय केलं हे ठरवायला कोर्ट बसलंय. आपण बघायचं एवढंच, की सकाळी जेवढी माणसं होती तेवढीच संध्याकाळी आहेत, जिवंत आहेत आणि एकमेकांना मारत नाहीयेत. ऐकायला एवढंसं वाटतं.

फॉर्म पोलीस भरतीबरोबरच निघतो. २०२४ च्या भरतीत कारागृह शिपायाच्या १८०० जागा होत्या, २०२५ ला सरकारने मंजूर केलेल्या १५,६३१ पदांत फक्त ५८०, म्हणजे जागा कधी भरपूर कधी मूठभर, त्यामुळे "पुढच्या वेळी बघू" म्हणू नका. बारावी पास पाहिजे, वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५, आणि मुलांची छाती न फुगवता ७९, फुगवून ५ वाढली पाहिजे. जेलचा फॉर्म जिल्ह्यावर नसतो, विभागावर असतो, हे न बघता पोरं भलतीकडे टाकतात. ठाणे, तळोजा, कल्याण, आर्थर रोड, भायखळा हे सगळं दक्षिण विभागात येतं. कागद आतापासून काढायला घ्या, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर. नॉन क्रिमीलेयरची तारीख तर आजच बघा, माझ्या मावसभावाचं सगळं क्लिअर होतं आणि पोरगं एका तारखेवरून बाहेर गेलं, अजून घरात तो विषय काढला की मावशी उठून किचनमधे जाते.

ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांचं. मुलांना १६०० मीटर २० मार्क, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८००. ५० पैकी २५ तरी लागतात, पण २५ वर खुश होऊ नका कारण लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. १६०० ला पूर्ण २० पाहिजे असतील तर ५ मिनिटं १० सेकंद. आमच्याकडची पोरं सेंट्रल मैदानावर पळतात, जेलच्या शेजारीच आहे, पळता पळता तटभिंत दिसत राहते, मला तेव्हा त्याचंच मोटिवेशन होतं. नवी मुंबईवाले खारघरला सेंट्रल पार्ककडे पळतात. डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडगी धरते आणि ऐन तारखेला लंगडत जाल.

गोळ्याकडे कोणी बघतच नाही. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, साडेआठ मीटर गेला तर पूर्ण १५. पळण्यात दहा सेकंद कमी करायला दोन महिने जातात, तेवढ्यात गोळ्याचे पाच-सहा मार्क आरामात वाढतात कारण ती ताकदीपेक्षा कमरेची आणि पायाची गोष्ट आहे, एखाद्या जुन्या खेळाडूकडून आठ दिवस नुसती पोझिशन शिका. आणि पावसात पण प्रॅक्टिस ठेवा, २०२४ चं ग्राउंड ऐन जूनमधे लागलं होतं, चिखलात गोळा हातातून सटकत होता लोकांच्या.

लेखी १०० मार्क, दीड तास. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. मराठी आपलीच भाषा म्हणून सोडू नका, समास आणि प्रयोगातच पोरं आपटतात. यावर जास्त बोलत नाही, क्लासवाले आहेतच.

आता आतलं. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

ठाणे जेल म्हणजे जुना किल्ला, पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला. अनंत कान्हेरेला १९१० ला इथेच फाशी दिली. पण जेलच्या नोकरीत येणाऱ्याने लक्षात ठेवावी ती गोष्ट दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या कारभाऱ्याची, त्र्यंबकजी डेंगळ्यांची. इंग्रजांनी त्यांना याच किल्ल्यात ठेवलं होतं, पहारा गोऱ्यांचा, आणि खिडकीखाली घोड्याचा मोतद्दार गाणी म्हणायचा, गाण्यात सगळा पळायचा प्लॅन. गोऱ्यांना मराठी कुठे कळतंय. १८१६ च्या सप्टेंबरात डेंगळे पसार. पहारा होताच, फक्त पहारेकऱ्याचा कान बंद होता. आज आत मराठी, हिंदी, बंगाली, सगळं बोललं जातं, तेव्हा तोडकंमोडकं का होईना पण समजून घ्यायला शिका.

कामाचा जीव म्हणजे मोजणी. सकाळी बराक उघडताना, दुपारी, संध्याकाळी बंद करताना, जोड्या लावून बसवायचं आणि मोजायचं. ठाण्याची अधिकृत क्षमता ११०५ आणि माणसं तिपटीच्या वर, म्हणजे एका शिपायाच्या वाट्याला किती डोकी येतात बघा. आकडा एकाने जरी चुकला तरी कोणी घरी जात नाही, दवाखान्यात किती, कोर्टात किती, किचनला किती, सगळं परत. रागावून भरभर मोजलं की अजून चुकतं. मी मोजताना कोणाशी बोलत नाही, साहेब आले तरी आधी आकडा मग सॅल्यूट, यावरून एकदा बोलणी पण खाल्लीत.

गेटवर दोन दरवाजे असतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. कितीही घाई असू दे, समोर कोण का असेना. किल्ली दुसऱ्याच्या हातात "दोन मिनिटं धर" म्हणून पण द्यायची नाही.

आणि नाही म्हणायला शिका. याची प्रॅक्टिस सेंट्रल मैदानावर होत नाही. माझी पहिली पोस्टिंग, कुठली ते राहू दे, आठवडा पण झाला नव्हता, एका कच्च्या कैद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे अशाने, चिठ्ठी पुढे केली, साहेब आईचा नंबर आहे, एवढंच सांगा वकील आलाच नाही. पोरगा माझ्याच वयाचा, रडवेला. घेतली. फोन केला नाही, खिशातच विसरलो आणि गेटवर झडतीत हवालदारांना सापडली. मेमो मिळाला तो वेगळा, पण दुसऱ्या दिवशी यार्डात गेलो तर तिघं चिठ्ठ्या घेऊन उभे. म्हणजे रात्रीत सगळ्या बराकीला कळलं होतं की नवीन शिपाई घेतो. आज चिठ्ठी, उद्या तंबाखूची पुडी, परवा मोबाईल, आणि तेव्हा तो मागत नाही, धमकावतो, कारण तुमचं पहिलं पाप त्याच्याकडे जमा असतं. खरं तर तो वकिलाचा प्रश्न कायद्याने पण सुटला असता. अर्ज लिहून घ्यायचा, साहेबांपुढे ठेवायचा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. "नाही" म्हटल्यावर पुढचा रस्ता दाखवला की माणूस शांत होतो, नुसतं हड केलं की डूख धरतो.

हात उचलू नका. गुन्हा आहेच, शिवाय उद्या त्याच बराकीत पाठ करून तुम्हालाच उभं राहायचंय. अरे-तुरे पण कमी करा, नावाने हाक मारली तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

रात्रीच्या ड्युटीला नजर दंगा करणाऱ्यावर नको, गप्प झालेल्यावर ठेवा. ज्याचा जामीन फेटाळला, ज्याची मुलाकात बंद झाली, जो आपलं साबण-चादर दुसऱ्यांना वाटायला लागला, त्याच्याकडे जास्त फेऱ्या मारा आणि पुढच्या ड्युटीवाल्याला तोंडाने सांगा, नुसतं रजिस्टरमधे लिहून निघू नका.

मुलींसाठी एक, महिला विभागात सगळं काम महिला शिपायांचंच असतं, शिवाय मुलाकातीला आलेल्या बायकांची झडती पण तुम्हीच घेणार. संख्या कमी असते म्हणून सुट्टी मागताना तुमची जास्त ओढाताण होते, हे घरी आधीच बोलून घ्या, लग्न ठरत असेल तर सासरी पण.

पगार पोलीस शिपायाएवढाच, मूळ २१,७०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं. पुढे हवालदार, सुभेदार, पण वेळ लागतो. डिग्री असेल तर तुरुंगाधिकाऱ्याच्या परीक्षेवर पण डोळा ठेवा, अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग कॉलेज येरवड्याला आहे.

पहिल्या दिवशी साधं मनगटी घड्याळ घाला, दोन पेनं आणि एक छोटी वही घ्या, बूट आधी महिनाभर घरी वापरून मऊ करा. मोबाईल गेटवरच जमा होतो. हे आईला आदल्या रात्री नीट समजावून सांगा, माझी आई पहिल्या दिवशी २३ मिस्ड कॉल देऊन शेवटी कळव्याहून रिक्षा करून गेटवर आली होती, डबा घेऊन.